चार दारं

कुरुंदा, ८ जानेवारी २०२४

चि. शिवकन्येस सटवाजी मामाचा आशीर्वाद.

इकडं समदे बरे हायेत. मामीचा गुडघा दुखतो, पण कामाला थांबत न्हाई. मोबाईलवर आजकाल नुसती खरखर येते. इकडं रेंजचं काही खरं न्हाई, म्हणून चिठ्ठीच लिहून राहिलो.

कारण असं की मागल्या साली गावात राहायला आलेल्या उकंडरावांनी नवं घर बांधलं. वास्तुशांती सव्वीस तारखेला धरली. त्यांच्या घरच्या पार्वतीबाईनं नांदेडला बहिणीच्या घरी किचन पाहिलं, तसंच पाहिजे म्हणून अडून बसल्या. बाहेरून बिजागरी दिसायला नको, अशी दारं. लोक तिला ऑटो बिजागरी म्हणतात. उकंडराव म्हणले, "सटवाजी, हे काम केलं हाय का कधी?" म्या म्हणलं, चाळीस वर्षं दुसरं काय करून राहिलो?

तर तुझ्या कारखान्यातून अकरा फळ्या पाहिजेत, पांढऱ्या सनमायक्याच्या. मापं सोबत लिहिली हायेत. कापायचं काम तूच कर, दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नको. आणि त्या बिजागरीची भोकं कशी पाडतात, तेवढं लिहून पाठव. म्हणजे मला ठाऊक हाय, तरी लिही.

सटवाजी मामा

हिंगोली, १३ जानेवारी २०२४

ती. मामांना शिवकन्येचा नमस्कार.

अकराही फळ्या मी स्वतः कापल्या. टेम्पोवाल्याबरोबर पाठवत आहे, पुठ्ठ्यात गुंडाळून. आमचे मालक स्वानंददादांनी दिवाळीपासून कटिंग मशीन पूर्ण माझ्याकडे दिलंय. बाई मशीनवर म्हटल्यावर येणारं गिऱ्हाईक आधी मला बघतं, मग फळी बघतं. पण आता सवय झाली. माझ्या हातच्या फळ्या पहिल्यांदाच कुरुंद्याला चालल्या, म्हणून काल दोनदा मापं तपासली. एका रेघेचाही फरक नाही.

भोकांचं लिहिते. मी शिकवते असं समजू नका. रंधा धरायला तर तुमच्याच दुकानात शिकले.

दर दाराला मागच्या बाजूनं दोन भोकं. बिजागरीला वाटी असते, ती त्या भोकात बसते. ड्रिलला लावायचं बिट पस्तीसचं, सोबत दिलंय. खोली बारा मिलीमीटर, त्याच्या पुढे जाऊ नका. फळी अठराची असली तरी बिटच्या मधे एक टोक असतं, ते पुढे पुढे चालतं. जरा जास्त दाबलं की ते समोरच्या सनमायक्यातून बाहेर येतं, आणि मग ते दार वाया गेलं समजायचं. बिटवर मी लाल मार्करनं रेघ मारलीय. ती फळीला टेकली की थांबायचं. कागदी साचाही पाठवलाय. आधी त्या दोन टाकाऊ तुकड्यांवर करून बघा.

मामीला सांगा, होळीला येईन.

शिवकन्या

कुरुंदा, २७ जानेवारी २०२४

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

वास्तुशांती पार पडली. जेवायला गाव लोटलं होतं. फळ्या मिळाल्या. काम झालं. थोडंफार इकडं तिकडं व्हतच असतं. चार दारं राहिलीत, ती बघू पुढं. तिथं सध्या पडदे लावले हायेत.

मला जरा कसकस हाय. जास्ती लिहीत न्हाई.

सटवाजी मामा

हिंगोली, ३ फेब्रुवारी २०२४

ती. मामांना नमस्कार.

कसकस गेली का? अंगावर काढू नका, वसमतला जाऊन दाखवा.

मामा, इथे माझ्यावर एक बालंट आलंय. उकंडरावांचा स्वानंददादांना फोन आला. म्हणाले, चार फळ्या पातळ निघाल्या, भोकं पाडताना आरपार गेली, वास्तुशांतीत पाहुण्यांसमोर शोभा झाली. दादांनी मला सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं, अठराच्याच होत्या. ते म्हणाले, "मग ते लोक खोटं कशाला बोलतील?" दुसऱ्या दिवसापासून मला मशीनवरून काढून कडेच्या पट्ट्या चिकटवायला बसवलंय. मशीनवर आता दुसरा माणूस आहे.

फळ्या पातळ कोण म्हणालं, मला माहीत नाही. घरच्याच कोणाला तरी वाटलं असेल. तुम्ही तिथे होतात. त्या चार फळ्या उकंडरावांकडेच पडल्या असतील. तुम्ही फक्त पट्टी लावून मोजा आणि अठरा भरली असं दोन ओळींत लिहून पाठवा. तुमच्या हातचं लिहिलेलं दादा मानतील. सटवाजी मिस्त्रीचं नाव त्यांनी ऐकलेलं आहे, त्यावरच तर त्यांनी मला कामावर घेतलं.

फोन केला होता, तीनदा. मामी म्हणाली तुम्ही बाहेर आहात.

लवकर लिहा.

शिवकन्या

हिंगोली, २४ फेब्रुवारी २०२४

मामांना नमस्कार.

दोन आठवडे वाट पाहिली. आजारी असाल असं वाटलं, म्हणून मंगळवारी सुट्टी काढून कुरुंद्याला आले.

आधी उकंडरावांकडे गेले. पार्वतीबाईंनी चहा दिला. चारही फळ्या न्हाणीघराच्या भिंतीला उभ्या होत्या. मी मोजल्या. फळ्या पातळ कोण म्हणालं ते पार्वतीबाईंनी सांगितलं. मी कोणाची कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग तुमच्या दुकानासमोर आले. तुम्ही पाठमोरे उभे होतात, रंधा मारत. मी दारातून दोनदा हाक मारली. तुम्ही वळला नाहीत. मी तशीच परतले.

समजायचं ते समजले. आता दोन ओळी लिहून पाठवायची गरज नाही. होळीला येणार नाही, मामीला काही कारण सांगा.

शिवकन्या

कुरुंदा, १३ मार्च २०२४

शिवकन्ये,

आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाई.

तुझं पत्र मामीनंच आणून दिलं. म्हणली, "काय लिहिलंय पोरीनं?" म्या म्हणलं, खुशाली. मग ती शेतात गेल्यावर पुन्हा वाचलं. पंधरा दिस झाले, रोज लिहायला बसतो आणि उठतो.

तू मोजल्यास म्हणजे तुला कळलं. तरी मला माझ्या हातानं लिहू दे.

त्या दिवशी उकंडरावांच्या ओसरीवर चार माणसं बसली होती. म्या तुझं बिट मशीनला लावलं. त्यातला ग्यानबा म्हणला, "सटवाजी, ही तांबडी रेघ कशाची?" म्या म्हणलं, खूण हाय. तो म्हणला, "तुमाला खुणा काहून लागायल्या आता?" समदे हसले. भाचीनं मारून दिली असं माझ्या तोंडातून निघालं न्हाई. थुंकीचं बोट लावून म्या ती रेघ पुसली. तुझा कागदाचा साचा खिशात घातला, तो निघालाच न्हाई. टाकाऊ तुकडे बी तसेच राहिले. इतक्या माणसांसमोर सटवाजी मिस्त्री तुकड्यावर शिकून राहिला, असं दिसलं असतं.

सात दारं थांबून थांबून, खोली बघत केली, ती बराबर झाली. मग जेवण झालं, आणि उरलेली चार मी एका दमात उरकली. फळ्या पालथ्या होत्या म्हणून समोरचं दिसत न्हवतं. उलटून पाहिलं तर पांढऱ्या सनमायक्यावर बारीक भोकं, भवताली चिरा. एका दाराला दोन, चार दारांना आठ.

काहून झालं ते बी सांगतो. बिट खोल जातं तसा त्याचा आवाज बदलतो. जन्मभर मी त्या आवाजावरच हात थांबवत आलो. त्या दिवशी मला तो ऐकू आला न्हाई. शिवकन्ये, दोन वर्षं झाली, मला ऐकू येणं कमी झालंय. मोबाईल बराबर हाय, रेंज बी बराबर हाय. मामीला अर्धं ठाऊक हाय. गावात कोणालाच न्हाई. माणूस बोलला की मी हसतो, न्हाईतर मान हलवतो.

उकंडराव उठून आले. "हे काय केलं, सटवाजी?" म्हणले. माझ्या तोंडातून निघालं, "फळ्या पातळ आल्या." ते म्हणले, "कोणं कापल्या?" म्या म्हणलं, "कारखान्यात एक पोरगी हाय, तिनं." माझी भाची असं म्हणलो न्हाई. एक पोरगी म्हणलो. उकंडराव हसले, "पोरीच्या हातचं काम, दुसरं काय व्हणार!" आणि मी बी हसलो.

ते हसणं मला जेवू देत न्हाई. फळीचं खोटं एका घडीत तोंडातून निघालं. पण हसायला मला कोणं सांगितलं होतं? तू बारा वर्षांची असताना बहीण गेली, तवापासून दहा वर्षं तू माझ्या दुकानात वावरलीस. तुझा हात माझ्यापेक्षा साफ व्हता, ते मला दिसत व्हतं. तरी एकदा बी तुला कोणाच्या घरी कामावर नेलं न्हाई. लोक काय म्हणतील म्हणून. तू हिंगोलीला गेलीस तवा मी मामीला म्हणलो, चार दिवसांत परत येईल.

आता हाकेचं. मला ती ऐकू आली न्हाई. हे तुला पटेल का, ठाऊक न्हाई. आणि खरं सांगू? ऐकू आली असती तरी मी वळलो असतो का, ते मला सांगता येत न्हाई. तुझं तीन तारखेचं पत्र तवा माझ्या खिशातच व्हतं.

तुला नुसतं लिहून भागणार न्हाई, हे मला कळत व्हतं. काल सकाळच्या गाडीनं हिंगोलीला आलो. तू कळमनुरीला फिटिंगवर गेली व्हतीस. खोटं कशाला लिहू, तू न्हाईस हे ऐकून मला बरंच वाटलं.

स्वानंदरावांना म्या समदं सांगितलं. म्हणलं, फळ्या अठराच्या व्हत्या, भोकं म्या आरपार पाडली, नाव पोरीचं घेतलं. ते काहीतरी बोलले, मला कळलं न्हाई. म्या म्हणलं, मोठ्यानं बोला, मला ऐकू येत न्हाई. माझ्या जिंदगीत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो.

मग त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "अहो, शिवकन्या तर म्हणाली चूक तिचीच होती. अठराच्या ऐवजी सोळाची शीट कापली म्हणाली. मी माणूस पाठवून फळ्या मोजून घेणार होतो, तिनंच थांबवलं."

मी तिथल्या फळ्यांच्या थप्पीवर बसलो. मला पाणी दिलं.

तू मोजून आल्यावर हे बोललीस. मी वळलो न्हाई, आणि तू जाऊन माझं पाप आपल्या नावावर घेतलंस. काहून केलंस असं? मला शिव्या दिल्या असत्यास तर मी आज सुखानं जेवलो असतो.

उकंडरावांकडं उद्या जातो. आज हिंमत झाली न्हाई.

सटवाजी

हिंगोली, २० मार्च २०२४

ती. मामांना नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला कळायला हवं होतं. गेल्या दिवाळीला मी काहीही विचारलं की तुम्ही नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होतात. मला वाटलं, मी हिंगोलीला आले त्याचा तुमचा राग गेला नाही. दुकानासमोरून परत येताना मी बसमध्ये रडले. आता ते आठवून स्वतःचीच लाज वाटते. दोन पावलं आत येऊन तुमच्या समोर उभी राहिले असते तर काय झालं असतं? मलाही पाठ फिरवायची होती, म्हणून मी दारातूनच फिरले.

पण राग गेलेला नाही. तुम्ही हसलात, ते वाचवत नाही. ते ओझं मी आत्ता तरी उतरवू शकत नाही.

तुम्ही विचारलंत, मी चूक माझ्यावर का घेतली. दादा माणूस पाठवणार होते. तो फळ्या मोजणार, आणि सटवाजी मिस्त्री खोटारडा असं चार ठिकाणी सांगणार. ते मला ऐकवलं नसतं. मला वाटलं, मी फार मोठं मन दाखवते आहे. दोन दिवस तर त्याचा अभिमानही वाटला.

मग गुंजनचं झालं. इथे पट्ट्या चिकटवायला रेवती आणि गुंजन अशा दोन मुली आहेत, संक्रांतीपासून. गुंजनला मशीन शिकायचं होतं. मशीनवर होते तोवर मी रोज दुपारी तिला पंधरा मिनिटं शिकवत होते. "चूक माझी" असं मी म्हणाले तेव्हा ती तिथेच उभी होती. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "ताई, पप्पा म्हणतात, तुझ्या ताईलाच जमलं नाही तर तुला काय जमणार." त्या आठवड्यानंतर ती आली नाही.

मामा, तुम्ही म्हणालात, पोरीनं चुकीचं कापलं. मीही तेच म्हणाले. कुरुंद्यात तुम्ही सांगितलं आणि हिंगोलीत मी. आपण दोघांनी मिळून एकच खोटं पसरवलं, आणि ते त्या मुलीच्या घरी जाऊन पोचलं.

काल दादांनी मला मशीनवर परत बसवलं. बसण्याआधी मी सगळ्यांना बोलावून सांगितलं, फळ्या बरोबर होत्या आणि मी खोटं बोलले. सगळे आपापल्या कामाला लागले. मशीनवर तात्पुरता आलेला माणूस फक्त हसला. संध्याकाळी गुंजनच्या घरी गेले. तिच्या वडिलांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पाणीसुद्धा विचारलं, आणि "बघू" म्हणाले. ती आतून बाहेर आली नाही.

चार नवीन फळ्या कापल्या आहेत. रविवारी, ३१ तारखेला मी त्या घेऊन येते. उकंडरावांकडे आपण दोघं जाऊ. बिटला घट्ट बसणारा एक छल्ला मिळतो, तो आणते. तो लावला की बिट बाराच्या पुढे जातच नाही.

मुक्कामाला थांबणार नाही. संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन.

शिवकन्या

कुरुंदा, ४ एप्रिल २०२४

चि. शिवकन्येस सटवाजी आणि मामीचा आशीर्वाद.

तू रविवारी न थांबता गेलीस. मामीनं तुझ्यासाठी धपाटे करून ठेवले व्हते, ते दोन दिस तिनं कोणाला खाऊ दिले न्हाईत. तुला थांब म्हणायचा हक्क मला न्हाई, म्हणून मी म्हणलो न्हाई. फक्त सांगून राहिलो.

तू गेल्यावर उकंडरावांनी मला थांबवून विचारलं, चारचौघांत काहून सांगितलं? मार्चच्या चौदा तारखेला म्या त्यांना एकट्याला गाठून खरं सांगितलं व्हतं, ते त्यांनी कोणाला सांगितलं न्हवतं. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याची इज्जत झाकावी. पण ज्यांच्यासमोर पोरीचं नाव घेतलं, ती माणसं बाकीच व्हती. रविवारी तू आत दारं लावत व्हतीस तवा ग्यानबा ओसरीवर येऊन बसला. म्या त्याला म्हणलं, "आत जी काम करून राहिली ना, ती माझी भाची. जानेवारीतल्या फळ्या तिनंच कापल्या, आणि बराबर कापल्या. भोकं म्या वाया घालवली, मला ऐकू येत न्हाई म्हणून. आणि दोष तिच्यावर म्याच ढकलला." तुझ्यासमोर हे बोलायला पाहिजे व्हतं. तू मशीन चालू केलंस त्या आवाजात बोललो. तेवढा भित्रेपणा अजून गेला न्हाई.

ग्यानबानं काही बोलायच्या आधी आत जाऊन एक दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. बाहेर येऊन म्हणला, "चांगलं बसलंय." मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "सटवाजी, कान कधी गेले?"

आता गावाला समदं ठाऊक झालं. दोन कामं येणार व्हती, ती दुसऱ्याकडं गेली. मला त्याचं नवल न्हाई. वसमतच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कानाचं यंत्र लावा, थोडं सुधारेल. पुढच्या महिन्यात जाऊ.

गुंजन नावाच्या त्या पोरीच्या घरी मला घेऊन चल. तिच्या बापाला माझ्या तोंडानं सांगायचं हाय. तुला योग्य वाटलं तर लिही, न वाटलं तर राहू दे.

काल बाजारात माणसं माझ्याशी ओरडून बोलत व्हती. भाजीवाली बी, कंडक्टर बी. आजूबाजूचे वळून पाहत व्हते. लई लाज वाटली, शिवकन्ये. पण दोन वर्षांत पहिल्यांदा मला समदं ऐकू आलं.

सटवाजी मामा